क्रोममध्ये चालतं, सफारीत का नाही?

प्रश्न: सर नमस्कार, आमच्या साइटवर ऑर्डरची यादी फेच करून टेबलात भरतो, एपीआय (यादी देणारा सर्व्हर) वेगळ्या डोमेनवर आहे. क्रोममध्ये मस्त चालतं पण सफारीत टेबल रिकामं आणि कन्सोलला 'द स्ट्रिंग डिड नॉट मॅच द एक्स्पेक्टेड पॅटर्न'. दोन दिवस रेजेक्स (मजकुराचा पॅटर्न तपासणारा कोड) शोधतोय, कोडमध्ये कुठेच काही नाहीये. स्टेटस तर 200, म्हणजे सगळं ठीक, असं येतंय. युजरना क्रोमच वापरा म्हणून सांगून टाकू का?

उत्तर: नका सांगू, आणि ते रेजेक्स शोधणं पण बंद करा. सफारीच्या त्या मेसेजने भल्याभल्यांना फिरवलंय, त्याला म्हणायचं असतं एवढंच की आलेला रिस्पॉन्स जेसन (डेटा पाठवायचा ठरलेला मजकुराचा साचा) म्हणून वाचता आला नाही. हीच भानगड फायरफॉक्स 'अनएक्स्पेक्टेड कॅरेक्टर, लाइन 1 कॉलम 1' म्हणून सांगतो आणि क्रोम 'अनएक्स्पेक्टेड टोकन <' म्हणून. त्यातल्या त्यात क्रोमचं बरं, कारण तो < दिसला की कळतं, जेसनच्या जागी एचटीएमएल पेज आलंय.

आता 200 कसं काय? तर सर्व्हरला लॉगिनची कुकी मिळाली नाही, त्याने 302 देऊन लॉगिन पेजकडे पाठवलं, फेच न सांगता त्याच्या मागे गेला आणि लॉगिन पेज अगदी नीट 200 ने मिळालं. नेटवर्क टॅबमध्ये तो 302 दिसायला हवा, बघा. (तुमच्या लॉगिन पेजलाही सीओआरएसचे, म्हणजे दुसऱ्या डोमेनच्या पानाला उत्तर वाचू देणारे, हेडर लागलेले दिसतात, नाहीतर ही एरर न येता वेगळीच आली असती.)

सफारीतच का, तर सफारी मार्च 2020 पासून थर्ड पार्टी कुकी सरसकट अडवतो आणि तुमचा एपीआय दुसऱ्या डोमेनवर, म्हणजे त्याची कुकी थर्ड पार्टीच झाली. क्रोममध्ये कुकीला 'सेमसाइट नन' आणि 'सिक्युअर' या खुणा लावल्या की ती सर्व्हरकडे पाठवली जाते. म्हणजे पार्सिंगमध्ये कुठल्याच ब्राउझरची चूक नाहीये, दोघांना उत्तरच वेगळं मिळतंय. खात्री करायची असेल तर दोन्हीकडून तीच रिक्वेस्ट नेटवर्क टॅबमधून 'कॉपी अ‍ॅज कर्ल' करा (कर्ल म्हणजे रिक्वेस्ट पाठवणारी कमांड) आणि कुकीची ओळ आहे का नाही ते शेजारी ठेवून बघा.

एपीआय तुमच्याच डोमेनच्या सबडोमेनवर आणा, आणि लॉगिन नसेल तर एपीआयने सरळ 401 द्यावा, लॉगिन पेज माणसांसाठी असतं, फेचला त्याचं काय करायचं! फ्रंटएंडला पण थेट जेसन न मागता आधी टेक्स्ट घ्या, कंटेंट टाइप बघा, पार्स फसलं तर पहिली 200 अक्षरं लॉग करा. रिस्पॉन्सची बॉडी एकदाच वाचता येते, जेसन फसल्यावर टेक्स्ट मागायला गेलात तर दुसरीच एरर गळ्यात पडते.

प्रश्न: माझ्याकडे रिस्पॉन्स टॅबमध्ये पहिलंच अक्षर { दिसतंय तरी लाइन 1 कॉलम 1 ची एरर, तीही सगळ्या ब्राउझरमध्ये. काल फक्त कॉन्फिगच्या पीएचपी फाइलमध्ये एक ओळ बदलली होती.

उत्तर: मग कालची फाइल बीओएमसकट (बाइट ऑर्डर मार्क, फाइलच्या सुरुवातीची अदृश्य खूण) सेव्ह झालीय, मला दुसरा संशयच येत नाहीये. यूटीएफ-8 मध्ये फाइलच्या सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ असे तीन बाइट बसतात, स्क्रीनवर काहीच दिसत नाही, पण पीएचपी ते आउटपुटमध्ये तसेच ढकलतं. गंमत म्हणजे बीओएम एकच असला तर डीकोड करताना ब्राउझर तो गिळून टाकतो, दोन फाइलींचे दोन झाले की दुसरा उरतो आणि पार्सर त्याच्यावर अडकतो. म्हणजे एक बहुतेक आधीपासूनच कुठल्यातरी फाइलीत होता, कालच्या फाइलीने दुसरा आणला. (जेसनच्या 2017 च्या आरएफसी 8259 या मानकात नेटवर्कवरून पाठवताना बीओएम लावू नका असं स्पष्ट लिहिलंय.)

कर्लचं आउटपुट हेक्सडंपला (बाइट आकड्यांत दाखवणारी कमांड) द्या, ईएफ बीबी बीएफ दोनदा ओळीने दिसेल. विंडोजचा जुना नोटपॅड यूटीएफ-8 म्हटलं की बीओएम लावायचाच, विंडोज 10 च्या 1903 पासून डिफॉल्ट बदललं. दोन्ही फाइली एडिटरमध्ये 'यूटीएफ-8 विदाउट बीओएम' करून सेव्ह करा, नुसती कालची केलीत तर एरर जाईल पण पहिला तसाच दबून राहील.