वाचक विचारतात : तबेल्यातल्या माश्या

प्रश्न : कर्जतजवळ माझे तीन घोडे आहेत. पावसाळा लागला की तबेल्यात माश्यांचा कहर होतो. औषध फवारलं की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. घोडे दिवसभर पाय आपटतात, नाल सैल होतात. गूळपाण्याच्या सापळ्यात ढिगाने माश्या मरतात, पण पाय आपटणं थांबत नाही. काय चुकतंय?

उत्तर : सापळ्यात मरते ती घरमाशी. ती डोळ्यांच्या कडांना नि नाकपुड्यांना बसते, चावत नाही. पाय आपटायला लावणारी ती चावरी माशी, ती वेगळी. दिसायला तशीच, पण तोंडाला पुढे आलेली सुई असते, भिंतीवर डोकं वर करून बसते आणि रक्त प्यायला गुडघ्याखाली येते. गुळाकडे ती फारशी फिरकत नाही.

फवारणीने उडत्या माश्या मरतात, अळ्या तशाच राहतात. उबेत घरमाशीचं अंड्यापासून माशीपर्यंतचं चक्र 7 ते 10 दिवसांत पुरं होतं, चावरीचं 2 ते 3 आठवड्यांत. चावरीला ताज्या लिदीपेक्षा मुताने भिजून कुजलेला पेंढा आवडतो. गव्हाणीखालचा सांडलेला चारा आणि रबरी मॅटच्या कडा आधी उचकटून बघा, बहुतेक तिथेच अळ्या सापडतील. लीद रोज दोनदा उचला, ओला पेंढा त्याच वेळी काढा आणि आठवड्यातून एकदा जमीन उघडी करून वाळवा. वरवर कोरडा पेंढा पसरून काम भागत नाही, खालचा थर कुजतच राहतो. चुनाही मारू नका. मुतात चुना पडला की अमोनिया उसळतो आणि घोड्याच्या छातीला त्रास होतो.

लिदीचा ढीग तबेल्यापासून दूर रचा. त्याची लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी निदान 4 फूट ठेवा. त्याहून लहान ढीग तापत नाही. मधोमध 55 ते 60 अंशांपर्यंत उष्णता जाते, त्यात अळी तगत नाही. ती बाहेरच्या थंड थरात लपते. म्हणून पहिल्या दहा दिवसांत दोन-तीनदा ढीग उलटा, बाहेरचं आत घाला. काळं प्लास्टिक झाका, कडा दगडांनी दाबा, भोवती चर काढा. तापला का हे बघायला लोखंडी पहार मध्यापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढा. हातात धरवली तर ढीग थंड आहे. मूठभर लीद पिळून पाणी गळलं, तर कोरडा भुसा मिसळा.

प्रश्न : कडुनिंबाचं तेल अंगाला किती लावावं? चंदीत, म्हणजे घोड्याच्या खुराकात, लसूण घालावा का?

उत्तर : 1 लीटर कोमट पाण्याला 10 मिली तेल आणि 2-3 मिली पातळ साबण. आधी तेल आणि साबण एकत्र घोटा, मग थोडंथोडं पाणी घाला. उलट क्रमाने केलंत तर तेल तरंगतं आणि शेवटी बाटलीतून निव्वळ तेलच फवारलं जातं, तिथली कातडी सोलते. पहिल्यांदा मानेवर तळहाताएवढ्या जागी लावून 24 तास थांबा. डोळे, जखमा आणि खोगिराखालची जागा सोडा. घाम नि पावसापुढे हे काही तासच टिकतं, त्याहून जास्त अपेक्षा नको. रॉकेल मात्र अंगाला अजिबात लावू नका.

लसूण नको. जास्त प्रमाणात, रोज दिला तर घोड्याच्या तांबड्या पेशी फुटतात, रक्त कमी होतं.

प्रश्न : संध्याकाळी चिलटांसाठी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करतो. चालेल ना?

उत्तर : बंद तबेल्यात नाही, खोकला लागेल. ही चिलटं उडायला अगदी कमजोर. घोड्यावर वारा येईल असा पंखा दिवेलागणीच्या आधी लावा नि सकाळपर्यंत चालू ठेवा. वायर घोड्याच्या तोंडापासून लांब असू द्या. तबेल्याजवळचा चिखल आणि टाक्यांचं गळतं पाणी बंद करा. मोठ्या टाकीत गप्पी मासे सोडलेत तर डासांच्या अळ्या खातील, चिलटांचा प्रश्न त्याने सुटणार नाही.

प्रश्न : पुढच्या पायांच्या केसांना पिवळसर बारीक दाणे चिकटलेत, खरारा केला तरी निघत नाहीत.

उत्तर : ती एका माशीची अंडी. घोडा पाय चाटतो तेव्हा उबेने, ओलाव्याने फुटतात, अळ्या तोंडातून पोटात जाऊन महिनोन्‌महिने राहतात. दर तीन-चार दिवसांनी बोथट सुरीने केसांच्या दिशेने खरवडा. हे काम गव्हाणीपासून दूर करा, हात धुवा. जंतावरचं औषध केव्हा द्यायचं ते तुमच्या पशुवैद्याला विचारा.