टीम हरली की मुलगा जेवत नाही, त्याला ग्रुप सोडायला लावू का?

समुपदेशनाच्या कामात मार्च ते मे या काळात मला हमखास येणारा फोन म्हणजे, "मॅडम, मुलगा दिवसरात्र त्या क्रिकेटच्या ग्रुपवर असतो, टीम हरली की जेवत नाही, बोलत नाही, हे व्यसन म्हणायचं का, फोन काढून घेऊ का?" कधी मुलाच्या जागी नवरा असतो, एकदा तर जावई होता. कधी क्रिकेटच्या जागी फुटबॉल असतं, कारण रात्री दीडला उठून मँचेस्टर युनायटेडची मॅच बघणारी पोरं आता नाशिक-साताऱ्यातही भरपूर झालीयत. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एक केस सांगते. नाव आणि घरचे तपशील बदललेत आणि त्या मुलाला विचारूनच लिहितेय.

त्याला आपण ओंकार म्हणू. वय चोवीस, पुण्यात राहून दोनदा एमपीएससीची प्रिलिम दिली, दोन्ही वेळा राहिली, मग खर्च झेपेना म्हणून घरी परत. एप्रिल 2024 मध्ये आधी त्याची आई एकटीच आली. ती घाबरलेली होती आणि घाबरायला कारणही होतं, नुकतंच कोल्हापूर जिल्ह्यात मॅच बघताना रोहित शर्मा आउट झाल्यावर कोणीतरी खूश झालं म्हणून भांडण झालं आणि मारहाणीत एका वयस्कर माणसाचा जीव गेला होता. आई म्हणाली, "आमचा पण मुंबई इंडियन्सवालाच आहे, दोन आठवडे झाले धड जेवत नाही, रात्री तीनला उठून बघितलं तर फोनवर टाइप करत असतो, चेहरा असा की आत्ता कोणाला तरी मारेल. त्याचे बाबा म्हणतात फोन फोडून टाकतो."

ज्यांचा आयपीएलशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते नाहीतर पुढचं कळणार नाही. मुंबई इंडियन्सने रोहितच्या कॅप्टनशिपखाली 2013, 2015, 2017, 2019 आणि 2020 असे पाच कप जिंकले. 15 डिसेंबर 2023 ला टीमने जाहीर केलं की आता कॅप्टन हार्दिक पांड्या, जो मधली दोन वर्षं गुजरातचा कॅप्टन होता आणि 2022 चा कप त्यांना जिंकून देऊन परत आला होता. त्यावरून जे रान उठलं ते बघितलेल्यांना आठवत असेल, लोकांनी धडाधड टीमला अनफॉलो केलं, जर्सी जाळल्याचे व्हिडिओ फिरले. सीझन सुरू झाल्यावर पहिल्या तिन्ही मॅच हरले, त्यातल्या दुसऱ्या मॅचला, 27 मार्चला, हैदराबादने 277 रन ठोकले, आणि 1 एप्रिलला तर वानखेडेवर, म्हणजे स्वतःच्या घरी, टॉसला हार्दिकची हुर्यो उडवली गेली, इतकी की टॉस घेणाऱ्या कॉमेंटेटर संजय मांजरेकरांना पब्लिकला नीट वागा म्हणून सांगावं लागलं.

आईच्या हिशोबाने गणित सरळ होतं, टीम हरतेय म्हणून पोरगा जेवत नाही. तारखाही जुळत होत्या.

ओंकार पुढच्या आठवड्यात आला. खुर्चीच्या टोकावर बसून "मला काही झालेलं नाहीये" एवढंच. अशा वेळी क्रिकेटच्या गप्पा मारून जवळीक दाखवायचा मोह होतो, पण या मुलांना ते लगेच कळतं, आपल्याला नेट रनरेट कसा काढतात ते माहीत नसतं आणि पकडले जातो. मी विचारलं, "ग्रुपवर तू नक्की काय करतोस?" हा प्रश्न त्याला बहुतेक कोणीच विचारला नव्हता. घरचे विचारत होते किती वेळ करतोस.

मग तो बोलायला लागला. ग्रुप सुरू झाला 2020 मध्ये, लॉकडाऊन, आयपीएल दुबई-अबूधाबीला, सगळे घरात कोंडलेले. विरारचा एक, सांगलीचे दोन-तीन, नागपूरचा एक मेडिकलवाला, दुबईत एसीचं काम करणारा एक दादा, असं करत करत दोनशेच्या आसपास माणसं जमली. नोव्हेंबरात मुंबईने दिल्लीला हरवून पाचवा कप घेतला त्या रात्री हे लोक पहाटेपर्यंत व्हॉइस नोट टाकत होते. ओंकार अॅडमिन. मॅचच्या दिवशी संध्याकाळी सहाला त्याची पोस्ट पडायची, पिच कसं आहे, समोरच्या टीमचा कोणता बॉलर आपल्या कोणाला त्रास देतो, प्लेइंग इलेव्हन काय असेल, इम्पॅक्ट प्लेयर, म्हणजे मॅच चालू असताना बदली उतरवता येणारा खेळाडू, कोणाला ठेवतील. सातला टॉस झाला की त्याचे अंदाज बरेचदा बरोबर निघायचे. दुबईचा दादा कामावरून येता येता मेट्रोत ती वाचायचा आणि उशीर झाला तर "भाई पोस्ट कुठंय" म्हणून मेसेज करायचा.

हे सांगताना पोरगा सरळ बसला होता. आता याच्या बाजूला त्याचं बाकीचं आयुष्य ठेवा. घरात त्याला विचारला जाणारा प्रश्न एकच, फॉर्म भरलास का. पुण्याच्या रूममधले दोघं सरकारी पोस्ट काढून गेले, त्यांच्याशी बोलायची याला लाज वाटते. म्हणजे चोवीस वर्षांच्या या माणसाला कोणीतरी वाट बघतंय, आपलं म्हणणं कोणाच्यातरी उपयोगाचं आहे असं वाटायची जागा जगात एकच आणि ती त्या ग्रुपमध्ये.

आणि तो ग्रुप डिसेंबरपासून फुटत होता. अर्धे म्हणे रोहित नाही तर मुंबई नाही, अर्धे म्हणे खेळाडू येतात जातात टीम महत्त्वाची. ओंकार दुसऱ्या गटातला. आधी मीम्स, मग "प्लास्टिक फॅन" म्हणजे खोटे फॅन, मग आईबहिणीवर. अॅडमिन म्हणून त्याने काहींना काढलं, काढलेल्यांनी दुसरा ग्रुप काढला आणि तिथले स्क्रीनशॉट इकडे यायला लागले. 27 मार्चच्या रात्री, ते 277 रन झाले त्या रात्री, विरारच्या मित्राने, ज्याच्याशी हा चार वर्षं जवळपास रोज बोलत होता, त्या दुसऱ्या ग्रुपवर लिहिलं की ज्याची दोनदा प्रिलिम उडाली त्याने आम्हाला क्रिकेट शिकवू नये. प्रिलिमचं त्याने फक्त त्या एकालाच सांगितलेलं.

जेवण त्या दिवसापासून सुटलं होतं. मुंबई हरली नसती तरी सुटलंच असतं.

आईवडिलांना मी हेच सांगते की "टीम हरल्यावर असं करतो" हे वाक्य जरा तपासून बघा. बहुतेक फॅन हरण्यातून एक-दोन दिवसांत बाहेर येतात, रात्री चिडतात, सकाळी अंपायरला शिव्या घालतात आणि कामाला लागतात. त्यापेक्षा जास्त टिकलं तर बरेचदा आत दुसरं काहीतरी असतं, आणि ते माणसांबद्दलचं असतं.

टीम आपली वाटणं यात विचित्र काही नाही. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने 1976 मध्ये अमेरिकेतल्या सात विद्यापीठांतला अभ्यास छापला होता, शनिवारी कॉलेजची फुटबॉल टीम जिंकली की सोमवारी जास्त मुलं कॉलेजचं नाव असलेले शर्ट घालून येतात. स्वतः मैदानात पायही ठेवलेला नसतो पण जिंकण्याचा वाटा अंगावर घ्यावासा वाटतो. पुढे डॅनियल वॅन यांनी फॅन टीमशी किती जोडला गेलाय हे मोजायची सात प्रश्नांची पट्टी बनवली आणि त्यांच्या कामातून वारंवार दिसलं की आपल्या गावच्या टीमशी घट्ट जोडलेल्या लोकांना एकटेपणा कमी जाणवतो. कारण साधं आहे, टीममुळे माणसं मिळतात. आता उलट बाजूने बघा, ती माणसं गेली तर टीम एकटी काय करणार?

व्यसनाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचं व्यसन आहे, गेमिंगचं आहे. फॅन असण्याचं किंवा ग्रुपवर असण्याचं नाही. म्हणून मी तो शब्द वापरत नाही, आईबापांनी वापरला तरी.

ओंकारच्या वडिलांना एकदा बोलावलं. ते वीज कंपनीत, बोलायला रोखठोक. "आम्हीपण क्रिकेट बघितलं मॅडम, 96 ला ईडनवर वर्ल्डकपची सेमीफायनल हरलो, कांबळी रडत बाहेर आला, आमच्या चाळीत कोणी जेवलं नाही. पण टीव्ही बंद केला, झोपलो, सकाळी ड्युटीवर." मला हे फार कामाचं वाटलं, कारण फरक नेमका तिथेच आहे. तेव्हा मॅच संपायची. आता साडेसातची मॅच साडेअकराला संपते आणि ग्रुपवर खरी सुरू होते, तीन वाजेपर्यंत हरणं चालूच, सकाळी उठलं की रात्रीचे चारशे मेसेज, त्यात कोणीतरी तुम्हाला टॅग करून काहीतरी बोललेलं. शरीराला झोपच मिळत नाही तर राग उतरणार कधी?

म्हणून पहिलं काम झोपेचं केलं. व्हॉट्सअॅपला ग्रुप म्यूट करताना आठ तास, एक आठवडा आणि कायमचं असे पर्याय येतात, त्यातले आठ तास बरोबर झोपेला पुरतात. ठरलं असं की शेवटचा बॉल पडला की म्यूट, जिंकलो तरी म्यूट. फोन आईकडे द्यायचा असं मी मुद्दाम नाही ठरवलं, चोवीस वर्षांच्या मुलाचा फोन आईने उशाशी घेऊन झोपायचं हे अपमानाचं आहे आणि ते दोन दिवस टिकतं. पहिल्या आठवड्यात त्याने दोनदा मोडलं, मग जमलं.

दुसरं अवघड होतं. ग्रुप सोड असं मी सांगितलं नाही, अॅडमिनपद सोडशील का एवढं विचारलं. तो तयार नव्हता. दोन सेशन आम्ही यावरच घालवले, शेवटी त्याने नागपूरच्या मेडिकलवाल्याला सोबत अॅडमिन केलं आणि लोकांना काढायचं काम त्याच्यावर सोपवलं. संध्याकाळची पोस्ट मात्र चालू ठेवली, ती बंद करायला मी सांगितलीच नसती, ती त्याच्या आयुष्यातली त्यावेळची सगळ्यात चांगली सवय होती. उलट त्या पोस्टसारखं लिहिणं अजून कुठे चालेल का यावर बोललो, आणि प्रिलिमबद्दल, लाजेबद्दल. टीमबद्दल बोलणं हळूहळू कमी झालं. मुंबई त्या सीझनला शेवटची, दहावी आली, चौदातल्या चार मॅच जिंकून, तोपर्यंत आमच्यात तो मोठा विषय राहिलेला नव्हता.

मग 29 जून. बार्बाडोसला टी-20 वर्ल्डकपची फायनल, शेवटची ओव्हर हार्दिकच्या हातात, सूर्यकुमारचा तो बाउंड्रीवरचा कॅच, भारत सात रनने जिंकला. 4 जुलैला मरीन ड्राइव्हला मिरवणूक निघाली आणि ओंकार घरी न सांगता सकाळच्या गाडीने मुंबईला. टीव्हीवरची गर्दी बघून आईचा मला फोन, "मॅडम, तुम्ही पाठवलंत का?" मी कशाला पाठवू! रात्री उशिरा परतला, चप्पल हरवून. ज्या वानखेडेवर तीन महिन्यांपूर्वी हुर्यो झाली तिथेच लोक हार्दिक हार्दिक ओरडत होते आणि यानेही घसा बसेपर्यंत ओरडून घेतलं.

मला वाटलं आता तो विरारचा मित्र, ते सांगलीवाले, सगळे परत येतील. नाही आले. हार्दिकला सगळ्यांनी एका ओव्हरमध्ये माफ केलं पण एकमेकांना नाही केलं. खेळाडूला घातलेली शिवी त्याच्यापर्यंत पोचतही नाही, एकमेकांना घातलेली मात्र तशीच राहते, स्क्रीनशॉटसकट. ओंकारने विरारवाल्याला एकदा पर्सनल मेसेज केला, कॅप्टनशिपचा उल्लेख न करता, फक्त प्रिलिमचं तू लिहायला नको होतंस एवढं. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. यावर काय करायचं, तर काही करायचं नाही, मैत्री तुटली म्हणून वाईट वाटून घ्यायचं आणि ते घरी सांगता येईल इतकी जागा घरात हवी. त्याने आईला सांगितलं. आईला आश्चर्य वाटलं की न बघितलेल्या मुलासाठी एवढं, पण तिने ऐकलं.

आता ज्या पालकांना खरंच काळजी करायला हवी त्यांच्यासाठी. पैसे बघा. घरातून किंवा मित्रांकडून सारखे छोटे छोटे पैसे मागितले जात असतील, हरल्यावर राग कमी आणि भीती जास्त दिसत असेल, कोणाचा फोन आला की बाहेर जाऊन बोलत असेल तर तो फॅन म्हणून नाही, बेटिंगमुळे घाबरलेला असू शकतो. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आणणारा कायदा केला, पण टिप्स देणारे चॅनल आणि गल्लीतले बुकी काही कायदा वाचून दुकान बंद करत नाहीत. अशा वेळी ओरडू नका, आधी रक्कम विचारा, आकडा कळला की निम्मी भीती उतरते, आणि लगेच मदत घ्या. कोणाला घरी येऊन मारायच्या धमक्या, जिवाचं काहीतरी करून घेईन अशी भाषा, आठवडाभर झोप नाही, हेही थांबून बघायचे विषय नाहीत. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. बाकी फक्त टीम हरली म्हणून एक रात्र ताट बाजूला सारलं तर सारू द्या, सकाळी भूक लागते.

ओंकार सध्या एका क्लासमध्ये मुलांना गणित शिकवतो, एमपीएससी सोडली, ग्रुप आहे पण साठ-सत्तर जणांचा. 1 जून 2025 ला अहमदाबादला पंजाबविरुद्ध फायनलच्या आधीची क्वालिफायर होती, पावसामुळे मॅच सुरूच उशिरा झाली, संपायला मध्यरात्र उलटून गेली, श्रेयस अय्यरने नाबाद 87 मारून मुंबईला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या आईचा फोन. म्हटलं झालं परत. ती म्हणाली, "नाही नाही, तो पोहे खाऊन क्लासला गेला, जास्त बोलला नाही एवढंच. पण ह्यांचं काय करू, रात्रभर जागले आणि आता हापिसला दांडी मारून त्या श्रेयसला शिव्या घालतायत, मुंबईचा असून आपल्याला हरवतो म्हणे."

तिला म्हटलं, साहेबांना या एकदा घेऊन.