'भारित' कृष्णविवर की 'प्रभारित'?

एका वाचकाचा प्रश्न आहे: "एका लेखात 'कृष्णविवराचा भार वाढला की त्याचं घटना क्षितिज आक्रसतं' असं वाक्य वाचलं. मी तर आजवर समजत होतो की कृष्णविवर जितकं जड तितकं मोठं. मग हे वाक्य चुकलंय का? आणि 'भारित कृष्णविवर' म्हणजे नेमकं कसलं?"

लेखकाला इथे विद्युतभार, म्हणजे इंग्रजीतला इलेक्ट्रिक 'चार्ज', म्हणायचा आहे. (घटना क्षितिज म्हणजे कृष्णविवराची ती सीमा, जिच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही.) तुम्ही वजन वाचलंत, आणि त्यात तुमची काही चूक नाही. मराठी माणसाने 'भार' ऐकला की आधी ओझंच आठवतं. अणुभारातला भार वजनाचा, कार्यभारातला जबाबदारीचा. विजेच्याच क्षेत्रात पाहिलं तर भारनियमनातला भार विजेच्या मागणीचा, म्हणजे तिथेही तो विद्युतभार नाहीच. इतकी कामं एकाच शब्दाच्या अंगावर पडली आहेत.

तरी 'भार' हा प्रतिशब्द कुणी निष्काळजीपणे निवडला असं मला वाटत नाही. इंग्रजीतला 'चार्ज'सुद्धा मुळात ओझ्याचाच शब्द आहे, गाडीत माल लादणे या अर्थाच्या उत्तरकालीन लॅटिन क्रियापदातून आलेला. त्या अर्थाने 'भार' हे अगदी प्रामाणिक भाषांतर. आणि बहुतेक ठिकाणी ते खपूनही जातं. 'इलेक्ट्रॉनचा भार ऋण असतो' या वाक्यात कुणी वजन वाचत नाही, कारण वजन ऋण असल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

कृष्णविवरापाशी मात्र हा शब्द दगा देतो. स्थिरावलेल्या कृष्णविवराचं बाहेरून वर्णन करायला तीनच गोष्टी पुरतात: वस्तुमान, फिरकी आणि विद्युतप्रभार (विद्युतभारालाच मी पुढे 'प्रभार' म्हणतो). आत तारा कोसळला होता की आणखी काही, याचा कोणताही मागमूस उरत नाही. या तिघांपैकी दोघांना मराठीत 'भार' म्हणता येतं, आणि क्षितिजाच्या आकाराच्या बाबतीत नेमके तेच दोघे एकमेकांच्या उलट वागतात. वस्तुमान क्षितिज मोठं करतं, प्रभार ते लहान करतो. एकच शब्द दोन अर्थांनी वापरला तर वाक्य सरळ उलटं होतं. तुमच्या प्रश्नात तेच झालं आहे.

आकड्यांत पाहू. सूर्याइतकं वस्तुमान असलेलं, न फिरणारं आणि प्रभार नसलेलं कृष्णविवर घेतलं तर त्याच्या क्षितिजाची त्रिज्या सुमारे ३ किलोमीटर येते. हे श्वार्ट्‌झशिल्डचं १९१६ सालचं उत्तर. प्रभार असलेल्या कृष्णविवराचं उत्तर राइसनरने त्याच वर्षी आणि नॉर्डस्ट्रॉमने १९१८ मध्ये, स्वतंत्रपणे काढलं. त्यानुसार वस्तुमान तेवढंच ठेवून प्रभार जास्त जास्त धरत गेलं की क्षितिज आत आत येतं आणि कमाल प्रभाराला त्रिज्या निम्मी, म्हणजे दीड किलोमीटर होते. त्यापुढे समीकरणात ऋण संख्येचं वर्गमूळ येतं, क्षितिजच उरत नाही आणि आतली सिंग्युलॅरिटी, म्हणजे समीकरणं जिथे अनंत उत्तर देतात ती जागा, उघडी पडते. निसर्ग असं होऊ देत नसावा, असा अंदाज पेनरोझने १९६९ मध्ये मांडला. तो अजून सिद्ध झालेला नाही.

सूर्याएवढ्या कृष्णविवराचा हा कमाल प्रभार येतो १७ वर १९ शून्यं इतके कुलोम (कुलोम हे प्रभाराचं एकक). तेवढा ऋण प्रभार इलेक्ट्रॉनांनी भरायचा ठरवला, तर त्या सगळ्या इलेक्ट्रॉनांचं स्वतःचं वस्तुमान दहा लाख टनांच्याही आत राहतं. सूर्याच्या वस्तुमानापुढे हा आकडा लिहायच्याही लायकीचा नाही. म्हणजे भाराची कमाल गाठली, पण भार जवळजवळ वाढलाच नाही! हे वाक्य एकाच शब्दाने लिहून पाहा, म्हणजे मी दुसरा शब्द का मागतो आहे ते कळेल.

तो दुसरा शब्द आपल्याकडे तयार आहे: प्रभार. शालेय विज्ञानाची पुस्तकं धनप्रभार, ऋणप्रभार असंच लिहितात. 'प्रभारी अधिकारी'मुळे घोटाळा होईल अशी शंका काहीजण काढतात, पण कृष्णविवराच्या लेखात कुणी पदाचा ताबा शोधायला जात नाही. हिंदीतला 'आवेश' मात्र मराठीत आणू नये. आपल्याकडे माणूस आवेशाने बोलतो, आवेशात येतो. 'आवेशित कृष्णविवर' वाचून ते खवळलं आहे असं वाटेल. 'विद्युतभारित' चालेल, फक्त घाईत त्याचं पुन्हा 'भारित' होतं आणि आपण मूळ पदावर येतो.

'चार्ज झालेलं कृष्णविवर' याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. मोबाइल चार्ज केला की बॅटरीत ऊर्जा साठते. बॅटरीचा एकूण प्रभार होता तसा शून्याच्या आसपासच राहतो. म्हणून बोलीतला चार्ज आणि भौतिकशास्त्रातला चार्ज यांत फरक करावा लागतो. पण कृष्णविवरात हे दोन्ही अर्थ जवळ येतात. क्रिस्टोडूलू आणि रुफिनी यांनी १९७१ मध्ये दाखवलं की कमाल प्रभार असलेल्या कृष्णविवराच्या वस्तुमान-ऊर्जेतला निम्मा हिस्सा तत्त्वतः बाहेर काढता येतो. बोलीतल्या अर्थानेही ते खरोखर 'चार्ज' झालेलं असतं. मला हा योगायोग फार आवडतो.

धन आणि ऋण यांबद्दलही एक सांगतो. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये संख्यांसाठी वापरलेले हे शब्द, त्यामुळे ऋण म्हटलं की वजाबाकी मनात येते. क्षितिजाच्या समीकरणात मात्र प्रभाराचा वर्ग येतो. प्रभार धन असो वा ऋण, क्षितिज सारखंच लहान होतं.

मग असली कृष्णविवरं आकाशात का सापडत नाहीत? सूर्याएवढ्या कृष्णविवरावर फक्त दीडशे कुलोम धनप्रभार असला, तरी दूरच्या प्रोटॉनला तो जितक्या जोराने ढकलतो तितक्याच जोराने गुरुत्वाकर्षण त्याला ओढतं. दीडशे कुलोम म्हणजे तारेतून एक अँपिअर प्रवाह अडीच मिनिटं वाहिला तर जेवढा प्रभार सरकतो तेवढा. प्रभार याहून वाढला की प्रोटॉन दूर ढकलले जातात, इलेक्ट्रॉन ओढले जातात आणि आसपासच्या वायूतून कृष्णविवर पुन्हा जवळजवळ उदासीन होतं. वस्तुमानाला असा कापणारा जोडीदारच नाही, ते साठतच जातं. दोन्ही 'भारां'तला सगळ्यात मोठा फरक मला हाच वाटतो.

विभक्तीचाही प्रश्न येतो: प्रभार कृष्णविवरात, कृष्णविवरावर की कृष्णविवराचा? 'कृष्णविवरात' लिहिलं की वाचक लगेच विचारतो, आतून प्रकाशही निघत नाही तर प्रभाराची खबर बाहेर कशी येते? खबर आतून यावीच लागत नाही. प्रभार आत पडण्याआधीच त्याचं विद्युतक्षेत्र बाहेर पसरलेलं असतं आणि ते बाहेरच राहतं. बाहेरून पाहणाऱ्याला प्रभार जणू क्षितिजावर सारखा पसरल्यासारखा वाटतो. म्हणून 'वर' योग्य, 'चा' त्याहून निर्धोक.

शेवटी मूळ वाक्यातल्या 'वाढला की आक्रसतं' या रचनेकडे येतो, कारण 'भार'च्या जागी 'प्रभार' घातला तरी वाक्य पुरतं दुरुस्त होत नाही. मराठीत 'झालं की' म्हणजे आधी एक घडलं, मग दुसरं घडलं: पाऊस पडला की माती भिजते. कृष्णविवरात प्रभार टाकत गेलं तर ते आपल्या डोळ्यांदेखत आक्रसत नाही. सजातीय प्रभाराला विरोध मोडून आत ढकलायला ऊर्जा लागते, ती वस्तुमानात जमा होते, आणि क्षितिजाचं क्षेत्रफळ कमी होत नाही, हे हॉकिंगने १९७१ मध्ये सिद्ध केलं आहे. वर मीही 'धरत गेलं की' लिहिलं, पण तिथे कागदावर वस्तुमान तेवढंच ठेवलं होतं. लेखकाला सांगायची होती ती तुलना, घटना नव्हे. तुलनेला आपल्याकडे 'जितका-तितका' आहे, 'पैकी' आहे. मी ते वाक्य असं लिहिलं असतं: 'सारख्याच वस्तुमानाच्या, न फिरणाऱ्या दोन कृष्णविवरांपैकी ज्याचा प्रभार जास्त, त्याचं क्षितिज लहान.'