मिडी ‘नोट’ला स्वर म्हणावं का?

प्रश्न असा आहे: मॅक्स किंवा प्युअर डेटा (पडद्यावर खोकी तारांनी जोडून संगीताचे प्रोग्रॅम बनवायची साधनं) मराठीतून शिकवताना ‘मिडी नोट प्लगिनला रूट करणे’ कसं म्हणायचं? ‘मिडी स्वर मार्गस्थ करणे’ चालेल का? (मिडी म्हणजे वाद्यं आणि संगणक एकमेकांना निरोप देतात ती आकड्यांची भाषा; प्लगिन म्हणजे ते निरोप घेऊन आवाज काढणारं जोड-सॉफ्टवेअर.)

मला दोन्ही शब्द पटत नाहीत.

आधी स्वर. स्वर ऐकू येतो, मिडी नोटला आवाजच नसतो. मॅक्समध्ये ‘व्हीएसटी~’ या प्लगिन चालवणाऱ्या खोक्याला आपण ‘मिडीइव्हेंट १४४ ६० १००’ असा निरोप देतो. १४४ म्हणजे पहिल्या चॅनलवर पट्टी दाबली, ६० म्हणजे कोणती, १०० म्हणजे किती जोरात. आवाज काढायचं काम पुढे प्लगिनचं. आता ‘१४४ ६० ०’ पाठवा. जोर शून्य झाला की त्याचा अर्थ पट्टी सोडली, आवाज थांबव. थांबवणाऱ्या निरोपाला स्वर कसं म्हणणार? प्युअर डेटात तर हा फरक डोळ्यांनाच दिसतो: निरोपाची तार बारीक, आवाजाची जाड. म्हणून विद्यार्थ्याला सांगावं, ‘नोट पाठवली, स्वर वाजला.’ ‘स्वर पाठवला’ म्हटलं की तो ‘नोटइन’ (मिडी नोट आत घेणारं खोकं) थेट स्पीकरकडे जोडतो आणि सूर का निघत नाही म्हणून विचारत राहतो.

शिवाय आपला सा गाणाऱ्यागणिक बदलतो, ६० मात्र जागचा हलत नाही. अशा ठाम जागांसाठी आपल्या पेटीवाल्यांची भाषा तयारच आहे, आणि ती इथे वापरली जात नाही याची मला खरंच खंत वाटते. ६० म्हणजे मधल्या सप्तकातली पांढरी एक, ६१ काळी एक, ६५ पांढरी चार, ७० काळी पाच. गाणं शिकलेल्या मुलाला हे सांगून बघा, आकडे लगेच डोक्यात बसतात.

आता ‘रूट’. मार्गस्थ पालखी होते. त्या शब्दात निघणं आहे, कुणाकडे जायचं ते नाही. एकच प्लगिन असेल तर ‘पाठवणे’ पुरेसं आहे. पहिल्या चॅनलच्या नोट्स पियानोकडे आणि दहाव्याच्या ड्रम्सकडे, अशी निवड असेल तिथे ‘वळवणे’ म्हणावं. शेतात पाटाचं पाणी वळवतात तेच हे क्रियापद, आणि ‘रूट’ नावाचं खोकंही नेमकं तेच करतं: निरोपातला पहिला आकडा बघून उरलेलं योग्य तारेत सोडतं.

‘चॅनल’ आणि ‘प्लगिन’ मी तसेच ठेवीन. पडद्यावर तेच दिसतात.