खरूज चादरीतून येते की माणसातून? परत उलटलेल्या खरजेविषयी

आपण लिहिलेली हकीकत अशी आहे : मुलगा वसतिगृहातून सुट्टीसाठी घरी आला तो खरूज घेऊनच, डॉक्टरांनी परमेथ्रिन या खरजेवरच्या क्रीमची ट्यूब दिली, ती त्याच्या एकट्याच्या अंगाला लावली, आजींनी आग्रह धरून घरातल्या सगळ्या चादरी जाळायला लावल्या, आणि तरीही महिन्याभरात त्याची खाज परतली व धाकट्या मुलीलाही सुरू झाली. आता औषध निकामी झाले आहे का, आणि जाड सोलापुरी चादरीत हा किडा दबा धरून बसतो का, हे आपल्याला हवे आहे. मी डॉक्टर नाही. इथे सोलापुरात त्वचारोगाच्या नमुन्यांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून मी नोकरी केली. त्या अनुभवावर आणि या विषयावर झालेल्या संशोधनाच्या वाचनावर सांगतो, की दोष बहुधा औषधाचाही नाही आणि चादरींचा तर नाहीच. ज्यांना खाज नव्हती म्हणून औषध लावले नाही, त्या घरच्या माणसांकडे आधी पाहावे लागेल.

खरूज करणारा हा जीव कीटक नसून कोळी व गोचीड यांच्या कुळातला आहे. मादी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. ती त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत थरात बीळ कोरत पुढे सरकते आणि रोज दोन-तीन अंडी घालत महिना-दीड महिना जगते. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात आणि साधारण दोन आठवड्यांत पुढची पिढी तयार होते. प्रयोगशाळेत आम्ही शोधत असू ते हे बीळच : बोटांच्या बेचक्यात किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला काही मिलिमीटरची राखाडी, नागमोडी रेघ. ती दिसत नसेल तर फाउंटन पेनची शाई चोळून पुसून घ्यावी, म्हणजे बिळात शिरलेली शाई तेवढी उरते. मग तिथे खनिज तेलाचा थेंब टाकून पात्याने वरचा पापुद्रा खरवडायचा आणि काचपट्टीवर घ्यायचा. आखूड पायांची अख्खी मादी हाती लागली तर उत्तमच. पण पुष्कळदा दिसतात ती लांबट अंडी आणि विष्ठेचे तपकिरी दाणे, आणि निदानाला तेवढा पुरावाही पुरतो. काही जण बुरशीच्या तपासणीच्या सवयीने इथेही पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरतात, त्यात ते दाणे विरघळून जातात.

बीळ सोडून फोड खरवडला तर हाती काही लागत नाही. या एका गोष्टीने वैद्यकाला दीडशे वर्षे चकवले. इटलीत बोनोमो याने 1687 मध्येच हा जीव सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याचा खरजेशी संबंध जोडला होता, तरी जाणत्यांनी तो मानला नाही. 1812 मध्ये पॅरिसमध्ये गालेस याने फोडांतून किडा काढल्याचा दावा केला, पण तो इतरांना काही सापडेना, आणि पुढे त्याने चीजमधला किडा दाखवून फसवल्याचा आरोप झाला. अखेर 1834 मध्ये रेनुची या कॉर्सिकाच्या विद्यार्थ्याने आपल्या गावाकडच्या बायका करत तसे सुईच्या टोकाने बिळातून किडा काढून दाखवला आणि वाद मिटला.

आपल्या प्रश्नाला थेट भिडणारे काम मात्र दुसऱ्या महायुद्धातले आहे. ब्रिटनमध्ये खरूज फार पसरली होती आणि सैन्याच्या अंथरुणांच्या निर्जंतुकीकरणावर मोठा खर्च चालला होता. केनेथ मेलनबी यांनी शेफील्ड येथे, युद्धाला नैतिक विरोध असल्याने सैन्यात न गेलेल्या तरुणांना स्वयंसेवक म्हणून घेतले आणि खरूज झालेल्या सैनिकांची न धुतलेली कपडे-कांबळी त्यांना वापरायला दिली. त्यांतल्या अगदी मोजक्यांनाच खरूज झाली. रुग्णासोबत एका अंथरुणात झोपणाऱ्यांना मात्र ती झाली. रुग्णांच्या अंगावरच्या प्रौढ माद्याही मोजल्या गेल्या, तेव्हा सरासरी अकराच्या आसपास निघाली आणि बहुतेक माद्या हात व मनगटांवर होत्या. सर्वांगाला खाज सुटलेल्या माणसावर एवढे थोडे जीव असतात, म्हणूनच खरवडीत काही मिळाले नाही तर खरूज नाही असे म्हणता येत नाही.

त्याच प्रयोगांतून दुसरी, माझ्या मते अधिक महत्त्वाची गोष्ट कळली. पहिल्यांदा लागण झालेल्याला साधारण चार ते सहा आठवडे खाजच येत नाही, कारण खाज ही किड्याच्या चावण्याची नसून त्याची अंडी, विष्ठा व लाळ यांविरुद्ध शरीराने दिलेली प्रतिक्रिया असते आणि ती तयार व्हायला वेळ लागतो. दुसऱ्यांदा लागण झाली तर मात्र एक-दोन दिवसांतच खाज सुरू होते. आता आपल्या घराचा हिशेब मांडून पाहा. मुलगा घरी आल्यावर बहिणीला लागण झाली असावी, पण औषध लावण्याच्या दिवशी तिला काहीच जाणवत नव्हते. मुलगा बरा झाला आणि तिच्याकडून किंवा घरातल्या आणखी कोणाकडून त्याला ती परत मिळाली.

चादरींबद्दल बोलायचे तर माणसाच्या अंगाबाहेर हा जीव साधारणपणे दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही आणि उष्ण, कोरड्या हवेत त्याहून लवकर मरतो, तेव्हा सोलापूरचा उन्हाळा त्याला मानवणारा नव्हेच. 50 अंशांहून गरम पाण्यात दहा मिनिटे भिजवलेली चादर निर्धोक होते. जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत तीन-चार दिवस बांधून ठेवावे. जाळण्याचे काहीच कारण नव्हते. अपवाद आहे तो खपल्यांच्या खरजेचा : प्रतिकारशक्ती ढासळलेल्या किंवा फार वृद्ध माणसात जिवांची संख्या हजारो-लाखोंवर जाते, खाज कमीही असू शकते, आणि तिथे अंथरूण, खुर्ची, गळणाऱ्या खपल्या यांतूनही रोग पसरतो. आजींच्या हातापायांवर जाड खपल्या नाहीत ना, हे डॉक्टरांकडून जरूर पाहून घ्यावे.

सगळ्यांवर एकाच वेळी उपचार केल्याने काय साधते, याचा मोठा दाखला फिजी बेटांवरच्या 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. ज्या बेटांवर खाज असो-नसो सर्वांना आयव्हरमेक्टिन या परजीवी मारणाऱ्या औषधाच्या गोळ्या दिल्या, तिथे खरजेचे प्रमाण वर्षभरात 32.1 टक्क्यांवरून 1.9 टक्क्यांवर आले. जिथे फक्त रुग्ण व त्यांच्या संपर्कातल्यांना परमेथ्रिन दिले, तिथे ते 36.6 वरून 18.8 टक्क्यांवरच थांबले.

औषधाला न जुमानणाऱ्या खरजेची शंका अगदीच निराधार नाही. ऑस्ट्रेलियात आयव्हरमेक्टिनचे अनेक डोस घेतलेल्या खपल्यांच्या खरजेच्या रुग्णांत तसे आढळले आहे, आणि युरोपातून परमेथ्रिन कमी पडत असल्याचे अहवाल येतात. शरीरात जास्त काळ टिकणाऱ्या मॉक्सिडेक्टिन या औषधाचा एकच डोस डुकरांवरील प्रयोगात आयव्हरमेक्टिनपेक्षा सरस ठरला, म्हणून माणसांतही त्याची पारख चालू आहे. पण घरातले निम्मे लोक सुटले असतील तर उपचार फसायला एवढे कारण पुरते.

तेव्हा डॉक्टरांना भेटून घरातल्या सर्वांसाठी एकाच रात्रीचा उपचार मागावा. क्रीम मानेपासून तळव्यापर्यंत, नखांखाली, बेंबीत, जांघेत, बेचक्यांत लावून आठ ते चौदा तास ठेवावे लागते. हात धुतले तर हातांना पुन्हा लावावे. सात ते चौदा दिवसांनी दुसरा लेप. गोळ्या ठरल्या तरी दुसरा डोस हवाच, कारण आयव्हरमेक्टिनने अंडी मरत नाहीत. तान्ही बाळे, गरोदर स्त्रिया आणि 15 किलोंखालील मुले यांचे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. मेडिकलमधून परस्पर ‘खाजेची ट्यूब’ मात्र आणू नये. त्यांतल्या अनेकांत तीव्र स्टेरॉइड असते, त्याने खाज दबते, पुरळाचे रूप बदलते आणि जिवांना रान मोकळे मिळते. वसतिगृहाच्या अधीक्षकांनाही कळवा, नाहीतर मुलगा परत गेला की खोलीतल्या सोबत्यांकडून तेच पुन्हा घेऊन येईल. नीट उपचार झाल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते, तेवढ्यावरून लेपामागून लेप लावत बसू नये. त्यानंतरही नवे पुरळ किंवा नवी बिळे दिसली, अथवा फोडांत पू झाला, तर मात्र पुन्हा दाखवावे.