गार पाण्याने दातात कळ जाते तेव्हा

अगं, आधी तुझा ब्रश बघ. केस बाहेरच्या बाजूला वाकलेत ना? म्हणजे तू जोर लावून घासतेस. मऊ ब्रश घे, हिरडीजवळ अगदी हलक्या हाताने फिरव. मिसरी, राखुंडी, खरखरीत दंतमंजन आजच बंद कर. पोटॅशियम नायट्रेटवाली पेस्ट आण. गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात, आठवड्यात कंटाळून सोडू नकोस. कैरी किंवा कोकम सरबतानंतर पाण्याने चूळ भर, पण ब्रश अर्ध्या तासाने. आंबटाने दातावरचं कवच मऊ पडलेलं असतं. आणि एकच दात ठणकत असेल, घोट गिळल्यावरही कळ रेंगाळत असेल, तर सरळ डेंटिस्टकडे जा. मी महिनाभर लवंगेचं तेल लावत बसले, शेवटी रूट कॅनाल करावं लागलं.