नीटचा दुसरा ड्रॉप नक्की कोणाला हवाय?

भाऊ, वर्ध्याहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. दोनदा नीट देऊन सीट नाही, मुलगी म्हणते आता बीएस्सी बायोकेमिस्ट्री करते, जीन रेग्युलेशनमध्ये, म्हणजे पेशीत कुठली जीन कधी चालू-बंद होते यावर, रिसर्च करायचाय, आणि तुम्ही म्हणता तिला तिसऱ्यांदा बसायला समजवा. मार्कांचं मला काहीच वाटलं नाही. पण वर्षभर मोबाईल कपाटात कुलूपबंद, मामेबहिणीच्या लग्नालाही नेलं नाही, हे तुम्ही अभिमानाने लिहिता आणि त्याच दमात लिहिता की ती रात्रभर जागी असते, ताटावरून अर्धं जेवून उठते. ही मुलगी आळशी नाही हो, ती दमलीय. चार पानी पत्रात तिला काय आवडतं यावर एकच ओळ आहे, तीही "हे काय खूळ" अशी.

आता तुमचा गैरसमज, की बायोकेमिस्ट म्हणजे पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासणार. ते डीएमएलटीवाल्यांचं, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केलेल्यांचं काम, चांगलं काम आहे, पण हे ते नाही. आपल्या लिव्हरच्या आणि डोळ्याच्या पेशीत डीएनए जवळपास तोच असतो, मग लिव्हरमध्ये चालू असलेली जीन डोळ्यात बंद कोण ठेवतं, हा तिचा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या बूनव्हिलचे बायोकेमिस्ट रॉबर्ट रोडर, त्यांनी १९६९ मध्ये पीएचडी करता करता दाखवलं की जीन वाचणारं एन्झाइम एक नसून तीन वेगवेगळी आहेत, आणि मग अख्खं करिअर याच प्रश्नामागे घातलं, २००३ मध्ये लास्कर हा वैद्यकीय संशोधनातला मोठा पुरस्कार मिळाला. याचा पेशंटला काय उपयोग म्हणाल तर तुमच्या विदर्भातलाच सिकलसेल हा रक्ताचा आजार घ्या, त्यात मोठेपणीचं हिमोग्लोबिन सदोष असतं. गर्भात असताना चालणारी हिमोग्लोबिनची जीन जन्मानंतर बंद होते, ती बंद ठेवण्यात बीसीएल-११-ए नावाच्या प्रोटीनचा मोठा हात आहे हे लॅबमध्ये कळलं, म्हणून ते प्रोटीन रक्ताच्या पेशींत कमी करून ती जीन परत चालू करणारी ट्रीटमेंट निघाली आणि २०२३ मध्ये ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झाली. महागडी आहे, आपल्या गावापर्यंत यायला अजून खूप काम बाकी आहे, आणि ते काम तिच्यासारख्यांनीच करायचंय.

सेटल उशिरा होईल, हे खरंय. एमएस्सी, मग पाच-सहा वर्षं पीएचडी, पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन, पक्की नोकरी पस्तिशीच्या आसपास, आणि तीही मिळेलच असं नाही. पण नेट-जेआरएफ, म्हणजे रिसर्च फेलोशिपची परीक्षा, निघाली तर महिना ३७ हजार फेलोशिप असते, म्हणजे पीएचडीसाठी तुमच्या खिशाला हात लागत नाही. रस्ते माहितीतलेच आहेत, आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा, नाहीतर बीएस्सी करून एमएस्सीसाठी जॅम, पुढे पीएचडीसाठी नेट किंवा गेट.

तिसऱ्यांदा नीटला बस असं मी तिला सांगणार नाही. कॉलेजचा फॉर्म पंधरा दिवसांनी भरला तरी चालेल, पण झोप-जेवणाचं या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, आणि मोबाईल आजच परत द्या. तिला बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात, तेव्हा तुम्ही शेजारी बसू नका.